बारा वाजून वीस मिनिटं

काल घरात अंबाडीची भाजी शिजली आणि त्या आंबट वासानं मला निलंग्याच्या आमच्या जुन्या घरात नेलं.

धाकटा भाऊ जाऊन नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून आई एक शब्दही बोलली नव्हती. भोजनदानाला बोलावलेल्या भन्तेजींपुढं भाकरी-भाजी वाढलेली होती. दुपारी बारानंतर ते अन्नाला शिवत नसत. अकरा पस्तीसला त्यांनी आईला विचारलं, "माय, पोरगा कसा होता?"

आणि आई बोलायला लागली.

मी घड्याळाकडं पाहत होतो. मावशी कुजबुजली, "अक्का, दोन घास तर खाऊ दे त्यांना!" भन्तेजींनी हातानंच तिला थांबवलं. आई थांबली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अगं बाई! भन्तेजी, तुमचं जेवण राहिलं की. लई बोलले मी."

"नऊ दिवसांचं साचलं होतं, माय. मला पाणी द्या तेवढं."

तेव्हा मला ते उपाशी राहिले याचंच वाईट वाटलं. आज आठवतो तो पाणी पितानाचा त्यांचा चेहरा. आपण काही सोडलं, याची साधी खूणसुद्धा त्यावर नव्हती.