झाडाखाली कोण गेलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वंदनाला ओळखत नाही — आणि तिला ओळखणाऱ्यांना सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही.

वंदना यवतमाळकडची. पुण्यात कर्वेनगरात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एकाच सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होतो. जो तो अमेरिकेला निघालेला, असे ते दिवस. आमच्या टीममधून एकीलाच जायला मिळणार होतं. आपण होऊन कुणी अर्ज करायचा नाही, नाव येईल तिचं येईल, असं आमचं ठरलं होतं. आणि एका शुक्रवारी मॅनेजर सहज बोलून गेले — वंदनानं आठवड्यापूर्वीच अर्ज दिला होता. आठवडाभर माझ्या ताटातलं लोणचं खात होती, आणि एक शब्द नाही! फसवलं गेल्यावर माणूस किती शांत होतं, माहीत आहे? पुढचे दोन दिवसही मी तिला लोणचं वाढलं.

रविवारी दुपारी नेहमीसारख्या टेकडीवर गेलो. मे महिना. माथ्यावर पोचलो तेव्हा हडपसरच्या बाजूनं काळं भरून आलं होतं. लांब कुठेतरी गडगडलं. वंदना जागीच थांबली. तिच्या गावात वीज पडून माणसं गेलेली. तिला यातलं कळत होतं.

"चाल, उतरू. गडगडणं ऐकू येऊन राहिलं म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहो."

मी खडकावर बसले. म्हटलं, "जा की. न सांगता जायची तुला सवय आहेच."

ती गेली नाही. सांगणारच होते, धीर झाला नाही, असं काहीबाही बोलत राहिली. मी ऐकत होते का? नाही. मला तिला रडताना बघायचं होतं — तेवढ्यासाठी मी तिला त्या उघड्या माथ्यावर अडवून ठेवलं.

मग एकदम गारा. मी पळाले ती थेट एकट्या उभ्या झाडाकडे. ती ओरडत होती — झाड नको, खाली ये, वस्तीत पक्क्या घरात शिरू. मी मुद्दाम खोडाला टेकून उभी राहिले. ती आली, माझा दंड धरून ओढू लागली. मी तिला झटकलं. जोरात. ती खोडावर आदळली, आणि मी तणतणत उताराला लागले. वीसेक पावलं गेले असेन...

सगळं पांढरं झालं. आवाज आठवत नाही. वळून पाहिलं तर ती चिखलात पडलेली, डोळे अर्धवट उघडे. मी तिला हात लावला नाही. वीज अंगात राहते म्हणतात ना? मला शॉक बसेल, याची भीती वाटली. मी खाली पळाले.

वाटेत फिरायला आलेले एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांना वर नेलं. तरी मी लांबच. "अहो, वीज केव्हाच गेली! हात लावला तर काही होत नाही," असं माझ्यावर खेकसत ते तिची छाती दाबत राहिले. तिचा श्वास परत आला. त्यांच्या हातांनी.

वंदना वाचली. एक कान गेला, आणि ती दुपारही डोक्यातून पुसली गेली. दवाखान्यात तिनं मला विचारलं, "मले तं सारं माहीत होतं. मी झाडाखाली काहून गेली वं?"

"घाबरलीस तू," मी म्हणाले. "मी हाका मारत होते, तू ऐकलंच नाहीस."

सुचायलाही वेळ लागला नाही. आपोआप आलं.

अमेरिकेला मी गेले. ती गावी परतली, शाळेत शिकवू लागली. पावसाळ्याआधी पोरांना सांगते — मला सगळं माहीत होतं, तरी ऐन वेळी मी झाडाखाली पळाले. तुम्ही पळू नका. स्वतःच्या डोक्यावर भरवसाच उरला नाही, म्हणते. साधा रस्ता ओलांडतानाही बरोबरच्याला विचारते. माझ्यावर मात्र तिचा भरवसा आहे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच — मी खरंच घाबरून गेले होते ना गं?

मी हो म्हणाले.