बिजलीबाईंची अळणी शपथ

महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यात मुलीचं लग्न ठरलं की आधी मंडपवाल्याला नव्हे, बिजलीबाईंना निरोप जायचा. बंजारा नवरी सासरी निघताना एकेका नातलगाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. बापासाठी वेगळे बोल, आईसाठी वेगळे, भावासाठी वेगळे. हे काही नुसतं रडणं नव्हे, ते शिकावं लागतं, आणि तांड्याच्या पोरींना ते बिजलीबाई शिकवायच्या. सत्तरी ओलांडली तरी बाईंचा तोरा असा, की नवरी सुरात रडली नाही तर भर मांडवात थांबवून तिला पुन्हा रडायला लावतील.

त्याच बिजलीबाई गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात अडकल्या. नवरी मावशीच्या गळ्यात पडली, बोल आठवेनात म्हणून तिने बिजलीबाईंकडे पाहिलं, तर त्यांच्याही तोंडून शब्द फुटेना. मावशी तशीच कोरडी घरी गेली आणि कित्येक दिवस फुगून बसली. लोकांनी ते वयावर ढकललं. बिजलीबाईंच्या काळजात मात्र धस्स झालं होतं, कारण त्यांची स्वतःची नात शीला लग्नाची झाली होती. सगळ्या तांड्याच्या पोरींना शिकवलं आणि आपलीच नात मुकी सासरी जाणार?

मग त्या आपणहून शीलाला घेऊन दवाखान्यात गेल्या. ब्लड प्रेशर जुनंच होतं, पण गोळी त्या चक्कर आली तरच घेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दाब वाढला की हृदयावर ताण येतो आणि मेंदूतल्या बारीक नसाही खराब होतात. हृदयाला जपलं की डोक्यालाही जपल्यासारखं. गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही, पण राहिलेलं टिकवायला बघू. गोळी रोज, मीठ-तेल कमी, डाळ-भाजी जास्त, आणि चालणं."

"मीठ कमी?" बिजलीबाई ताडकन म्हणाल्या. "आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले, अन् मले मीठ सोड म्हंता?"

पण शीलाकडे नजर गेली आणि त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पदराला बांधली. बाई मोठी हट्टी, पण या खेपेला हट्ट कामी आला. लोणची-पापड शेजारी वाटून टाकले, रश्श्यावरची तर्री बंद केली. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, मेथीची भाजी, जवसाची चटणी, सगळं अळणी. मुलगा बादल घास तोंडात घोळवत बसला की म्हणत, "खाय गुमान. माह्या डोक्याचा सवाल हाय." रोज तांड्याबाहेरच्या सडकेवर फेरी सुरू झाली. जिवावर यायचं, तरी जायच्या.

दोन महिन्यांनी तपासलं तर दाब होता तिथेच. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "सकाळी उठल्यापासून काय काय घेता, सांगा बरं."

"उठलं की पहिले शपथ घेतो मी."

"कसली?"

"मीठ न खायाची. आमच्या तांड्यात शपथ मिठाच्याच पाण्यावर होते. तांब्यात चांगलं चमचाभर मीठ टाकाचं, देवीचं नाव घ्याचं अन् पिऊन टाकाचं. बाकीचे जल्मात एकडाव घेतात. मी रोज घेतो. इसराचं भेव हाय न मले!"

शीलाने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. बिजलीबाई मात्र खरंच खट्टू झाल्या. दोन महिने जिभेला मारून त्यांनी इमानाने केलं होतं, आणि सगळं त्या तांब्यात बुडालं होतं.

"हासून काहून राह्यली? शपथ सोडू काय मंग?" परतताना त्यांनी शीलाला विचारलं.

"शपथ नोको सोडू दादी, तांब्या सोड. त्या टायमाले मले ढावलो शिकव."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चुलीपुढे दोघींचं गाणं सुरू झालं. काही बोल सरसर येत. काही बोल हुलकावणी देत, मग बिजलीबाई आपल्याच डोक्याला शिव्या घालत. जे येईनाच, त्याबद्दल स्पष्ट सांगत, "हे गेलं, छोरी. पुढं चाल." दाब हळूहळू उतरला. आजीसाठीचे बोल मात्र शेवटपर्यंत आठवले नाहीत.

लग्नाच्या दिवशी शीला बापाच्या गळ्यात पडून गायली, आईच्या गळ्यात पडून गायली. भावाजवळ आली आणि अडली. एक शब्द पुढे सरकेना. बायकांनी बिजलीबाईंकडे पाहिलं. त्यांचं डोकं पुन्हा तसंच कोरं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांच्या चिरक्या आवाजात पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि आख्खी ओळ आली. शीलाने ती उचलली आणि पुढचं सगळं एका दमात गायली. शेवटी ती आजीच्या गळ्यात पडली, तेव्हा गायला काहीच नव्हतं. दोघी नुसत्या रडल्या, पोटभर.

गाडी निघून गेल्यावर शेजारची सत्यभामा जवळ आली. "काकी, पुढच्या साली माह्या पोरीचं हाय. तवा तिलेई शिकवजा."

बिजलीबाईंनी पदराने डोळे पुसले. "पुढच्या सालचं कोनं पाह्यलं व? उद्या सकाळीच पाठव तिले."