माहेरचं रक्त

धाराशिवच्या एका रक्तपेढीत मी रक्त काढायच्या कामाला होतो. एका पोरीचं बाळंतपणात लई रक्त गेलं. पिशवीच्या बदल्यात घरच्या कुणीतरी रक्त द्यायचं, ही तिथली रीत. नवरा रेड्यासारखा धडधाकट होता. त्याला मी पलंगावर झोपायला सांगितलं, तर सासू आडवी आली. "त्याला उद्या ऊस तोडायला जायचंय. तिच्या बापाला बोलावलंय."

बाप भूमहून एसटीनं आला. सत्तरीचा तरी असेल, आणि पासष्टीच्या पुढच्याचं रक्त घेत नाहीत. "पंचावन्न लिहा, साहेब," म्हणाला. खोटं कळत असून मी पंचावन्नच लिहिलं आणि सुई टोचली.

म्हातारा कसाबसा उठून बसला. त्याच्या हातात मी बिस्किटांचा पुडा दिला. सासूनं तो काढून घेतला आणि लेकाला दिला.

"खा, सकाळपासून पोटात काय न्हाय तुझ्या."