निवटे निवांत आहेत

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, कशी आहेस?" मी म्हणाले, "निवांत." तुम्ही खूश झालात. इथे तो शब्द ऐकून कुणी खूश होत नाही. का, ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

पेणमधल्या एका ऑफिसात मला उभं ठेवलं होतं. खुर्च्या होत्या. त्यांवर पोरं बसली होती, मोबाइल बघत. टेबलामागे शेठ. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला जो कारखाना आहे, तिथे माणसं पुरवायचं कंत्राट त्याचं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिनही तोच. मी ग्रुपवर मेलेल्या माशांचा एक फोटो टाकला होता, खाली दोन ओळी लिहून. तो त्याने पुसला. फेसबुकवर टाकला, तर तक्रारी करून तिथूनही उडवला. मग मला बोलावलं.

"वाचा बाई. काय लिहिलं होतं ते मोठ्याने वाचा."

मी वाचलं. 'खाडीचं पाणी काळं पडलंय. मासे मरतायत.'

पोरं हसली.

"रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची ही," शेठ त्यांना म्हणाला. "बाप मिठागरात मीठ ओढायचा. लेकीला इंग्रजी आलं न् मस्ती आली."

माझ्या बापाचं नाव त्याला माहीतही नव्हतं.

"माफी लिहा. आत्ता. नायतर पुतण्याला सांगा, उद्यापासून कारखान्याच्या गेटवर कामाला येऊ नको."

मी लिहिलं : 'माझी चूक झाली. पाणी उत्तम आहे. आमचे निवटे अगदी निवांत आहेत.'

निवटा म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा मासा. जिवंत निवटा कधी स्वस्थ बसत नाही. निवांत असतो तो मेलेला. शेठ हायवेकडचा. त्याने निवटा ताटातच पाहिलेला.

"अशी समजूत पायजे," म्हणाला आणि स्वतःच्या हाताने ती माफी सगळ्या ग्रुपांवर पाठवली.

मी घरी पोचेपर्यंत गाव हसत होतं. शेजारची सुनंदा खाडीत जाळं टाकते. ती दारातूनच ओरडली, "काय गो बाय, शेठनीच आपली बातमी फिरवली!"

मग सुरूच झालं. 'आमच्या बांधावरचे पण निवांत.' 'चिंबोऱ्या ध्यानाला बसल्यात.' 'कोळंबीला शवासन जमलं हाय.' 'निवटले' लिहिलं की पोस्ट पुसली जायची. 'निवांत' लिहिलं की राहायची. आमच्यातल्या अंगठा लावणाऱ्या बायकासुद्धा व्हॉइस मेसेज पाठवून खिदळत होत्या.

मग कुणीतरी शेठला अर्थ सांगितला.

'निवांत' पुसला जाऊ लागला. आम्ही 'नि.वां.त.' लिहिलं. तेही गेलं. नुसतं 'नि' लिहिलं. मग ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल, असं झालं. पुतण्याचा गेटपास काढून घेतला. तो आता माझ्या दारावरून जातो, आत येत नाही.

शेठने पुन्हा बोलावलं. "आता नीट माफी लिहा. सरळ मराठीत. पोराला परत घेतो."

या वेळी मी खुर्ची ओढली आणि बसले.

"सरळच लिहिलं होतं," मी म्हटलं. "ते तुम्ही पुसलंत. आता माफी नाही."

पुतण्या घरीच आहे. त्याची बायको माझ्याकडे बघून पाठ फिरवते.

आमच्या हसण्याने पाणी निवळलं नाही. आता मेलेले निवटेही दिसत नाहीत. सुनंदाचं जाळं कुंपणावर वाळतंय. ती पेणला गणपतीच्या मूर्ती घासायला जाते. सकाळी बांधावर भेटली की मी विचारते, "कशी हायस गो?"

"निवांत," ती म्हणते. हसत नाही.

येत्या रविवारी तुम्ही विचाराल, तेव्हा मीही तेच सांगेन. खूश होऊ नका. खाडीतले निवटे गेले. शब्द आहे. तो मी पुसणार नाही.