धाकटीने निवडलेली मुलगी

माझी धाकटी बहीण सांगलीच्या एका कॉलेजात मुलींना खो-खो शिकवते. मी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात माणसं भरते. अर्ज चाळायचे, मुलाखती घ्यायच्या, रुजू करून घ्यायचं, हे माझं काम. मला केबिन आहे, साताऱ्याहून ने-आण करायला कंपनीची गाडी आहे. तिची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि मैदानावर तिला बसायला खुर्चीसुद्धा नाही. तरी हेवा मीच तिचा करते. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

आमचे वडील फौजेतून निवृत्त झालेले. एसटी पकडून ते तिचे सामने बघायला सांगलीला जातात आणि आल्यावर गावात चार घरी सांगतात. माझ्या कारखान्यात काय बनतं, हे त्यांना आजही नीट सांगता यायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांच्यासोबत गेले. त्या दिवशी संघाची निवड होती. मुली पळत होत्या, धाकटी उन्हात उभी होती. सगळ्यात चपळ मुलगी मी पहिल्या पाच मिनिटांतच हेरली आणि धाकटीला तसं सांगितलंही. ती हसली. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. कुंडल गावची एक किरकोळ अंगाची मुलगी लवकर बाद होऊन कडेला बसली होती आणि पुढे आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, समोरची डावा खांदा दाखवून उजवीकडे वळते. धाकटीने तिला घेतलं. पुढच्या रविवारी ती तिच्या घरीही जाऊन आली. आईशी बोलली, मुलीला घरी किती काम पडतं ते बघून आली.

मी मनात म्हटलं, एवढा वेळ मला दिला तर मीही माणसं ओळखीन. माझी मुलाखत वीस मिनिटांची असते. मी घेतलेली माणसं दिवाळीला येत आणि गुढीपाडव्याच्या आत निम्मी निघून जात. साहेबांनी कारण विचारलं की मी सांगे, आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. आणि तिकडे धाकटीकडे खेळून गेलेल्या, लग्न झालेल्या मुली कडेवर बाळ घेऊन तिला भेटायला मैदानावर येत.

कुंडलच्या त्या मुलीची पदवी झाली, तेव्हा मी धाकटीला न सांगता तिला फोन केला आणि पॅकिंग विभागात नोकरी देऊ केली. मुलगी हुशार होती हे खरंच. पण तिची एक तरी मुलगी माझी व्हावी, हे त्याहून खरं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ती रागावेल म्हणून मी तयारीत होते. तिला तर आनंद झाला होता.

"ताई, एकच ध्यानात ठेव," ती म्हणाली. "चारचौघांत कुणी बोललं की ती गप होते आणि निघून जाते. बाजूला घेऊन सांगितलंस तर जीव टाकून काम करंल."

मी हो म्हटलं. माझं काम मला ही शिकवणार, या रागात मी ते कुणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या महिन्यात खोक्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या. सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर बोलत होता. केबिनच्या काचेतून मला दिसत होतं. धाकटीचे शब्द मला आठवले, अगदी जसेच्या तसे. उठून बाहेर जायला दहा पावलं पुरली असती. मी बसून राहिले. तिची मुलगीही इतरांसारखीच निघावी, असं आत कुठेतरी मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या कागदावर 'वैयक्तिक कारण' असं मीच लिहिलं.

धाकटीने पंधरा दिवस फोन केला नाही. शेवटी मी कुंडलला गेले. सोडून गेलेल्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. आईने चहा दिला. मुलगी उसाच्या फडातून आली, हातपाय धुऊन समोर बसली. मी सुपरवायझरच्या वतीने माफी मागू लागले. तिने ऐकून घेतलं.

"त्यांचं काय न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "तुमी काचंतनं बघत हुता. बाहेर आला न्हाई."

मग चहा निवतोय, अशी आठवण तिनेच करून दिली.

तिथून मी थेट सांगलीला गेले आणि धाकटीला सगळं सांगितलं, ते काचेचं आणि मनातलंही. ती म्हणाली, "माझ्यावर राग होता तर मला बोलायचं. तिचं काय चुकलं हुतं?" त्या दिवशी तिने मला जेवायला थांब म्हटलं नाही.

आता नव्या माणसाला कशाचा राग येतो, घरी कोण आहे, कुणापुढे बोलायला तो बिचकतो, हे मी पहिल्याच आठवड्यात त्याच्याजवळ बसून विचारते आणि सुपरवायझरला सांगते. मुलाखती आधी विभागात घेते, केबिनमध्ये नंतर. माणसं थोडी जास्त टिकतात. साहेबांना वाटतं, हे माझ्याच डोक्यातून आलं. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

ती मुलगी परत आली नाही. यंदा पोलीस भरतीत तिची निवड झाली. बातमी धाकटीने कळवली. मी मुलीला फोन केला, तर ती नीट बोलली, आईची खुशाली सांगितली, बाईंनी, म्हणजे धाकटीने, पहाटे उठवून कसं पळवलं तेही सांगितलं. मला आनंद झाला. आणि फोन ठेवल्यावर, तिच्या त्या सगळ्या सांगण्यात मी कुठेच नव्हते, हे दिवसभर टोचत राहिलं.