नदीला दिलेला उंबर

गारखेड्याहून निघताना पंचांग पाहिले नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले. करमाडपलीकडच्या एका नदीकाठच्या गावातून दत्तराव या शेतकऱ्याचा फोन आला होता, "गुरुजी, उंबर भिंतीला अडकलाय. तुमच्या शब्दाबिगर कुणी करवत लावंना." त्याच विचारात मुकुंदवाडीला भलत्याच रिक्षात बसलो आणि उलट्या दिशेने बरेच जाऊन परतलो.

तो उंबर माझ्या परिचयाचा. वरच्या गावी देवळापुढे तो उन्मळून पडला, तेव्हा मीच सांगितले होते, औदुंबरास कुऱ्हाड लावू नये, नदीस अर्पण करावा. लोकांनी तो वाजतगाजत पात्रात लोटला. परवाच्या पुरात तो तरंगत खाली आला आणि दत्तरावांच्या गावच्या पूरसंरक्षक भिंतीवर आदळला.

काठावर पोहोचलो. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. बुंधा तिथेच रुतलेला. त्यामागे पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) अडकून पाणी तुंबलेले. करवत मांडीवर घेऊन रहीमभाई सुतार बसले होते.

"आडवा आला असता तं मार भिंतीभर वाटला गेला असता, गुरुजी. ह्यो बुंधा पुढं करून आला. समदं वजन, समदा जोर एका दगडावर."

"लाकडात एवढे बळ?"

"बळ पान्याचं. आता बी मागून रेटतंय. वर पाऊस झाला तं भिंत नाय राहत."

"अन् भिंतीमागं पयलं घर माझंच हाय," दत्तराव म्हणाले.

त्याच घरी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची) पुढे आली. जेवताना दारातून भेग दिसत होती. वृक्षाचे माहात्म्य आठवले, नदीचेही आठवले. पण एकाने दुसरीच्या वेगात तिसऱ्याचे घर धोक्यात आणले तर काय करावे, हे कोणत्याच श्लोकात सापडेना. मी दिलेला सल्ला शास्त्राला धरून होता. भेगही खरी होती.

अखेर बुंध्यावर हात ठेवून क्षमा मागितली आणि म्हणालो, "कापा."

रहीमभाईंनी करवत लावली. थोड्या वेळाने मान वर करून विचारले, "गुरुजी, तुकडे नदीत सोडू का?"

दत्तराव खो खो हसले. मला हसू उशिरा आले. "नको. एकही नको."

निघताना रहीमभाईंनी एक तुकडा पंच्यात बांधून दिला, "होमाला व्हईल."

तो आता देवघराच्या उंबऱ्याशी वाळतो आहे. समिधा म्हणून अग्नीत घालावा, तर एकदा मी तो अर्पण केलेलाच आहे. पुन्हा अर्पण करण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे अजून उमगलेले नाही.