चारशे तीनचा निरोप

सकाळचे साडेसात वाजले होते. राजधानीतल्या मयूर विहारमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये कुमुदताई पोह्यांना फोडणी देत होत्या आणि आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन रोजच्यासारखं घरघरत होतं. दारावर थाप पडली. बेल त्यांनी काढूनच ठेवली होती. आजारी नवऱ्याची, विलासरावांची, जेमतेम लागलेली झोप तिनं मोडायची.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी राघव भाटिया, हातात कागदांचा गठ्ठा.

"आंटीजी, आज शाम मॉक ड्रिल है. आठ बजे सायरन, फिर पंद्रह मिनट ब्लॅकआउट. सारी लाइटें बंद."

"और इनका मशीन?"

"मशीन चलाइए ना, बिल्कुल. बस रोशनी बाहर न जाए."

"याद रखिए, चार सौ तीन में मशीन है. ज़रा दोहराइए."

राघव हसले. "आंटीजी, आप भी ना!" आणि शेजारच्या दाराकडे वळले.

कुमुदताईंनी एकतीस वर्षं एका मंत्रालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तिथला शिरस्ता असा, की तातडीचा निरोप नुसता सांगून पोचत नाही. समोरच्यानं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, की मग पोचला. साहेब असो नाहीतर शिपाई, त्या प्रत्येकाला म्हणायला लावत. त्या दिवशी मात्र कढईतली मोहरी करपल्याचा वास आला आणि त्यांनी राघवना तसंच जाऊ दिलं.

"काय म्हणत होता?" विलासरावांनी नाकातली नळी सावरत विचारलं.

"आठला भोंगा आहे. अंधार करायचाय."

"सरकारी भोंगा ना? मग साडेआठ धर." सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत गेलेली, तेव्हा त्यांना तो हक्क होता. पण तेवढ्या हसण्यानंही त्यांना धाप लागली.

दुपारी कुमुदताईंनी खिडक्यांवर जाड चादरी ताणल्या. एकाहत्तरच्या युद्धात त्या शाळकरी होत्या. वडिलांनी क्वार्टरच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते.

"भोंगा झाला की आई आम्हाला पलंगाखाली ढकलायची."

"मग मलाही ढकल."

"कुठे ढकलू? खाली सगळी तुमची औषधं."

पावणेआठला त्यांनी दिवे मालवले. मशीनवरच्या हिरव्या ठिपक्यावर रुमाल टाकला. घड्याळाचा काटा आठच्या पुढे गेला, तरी भोंग्याचा पत्ता नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं?" विलासराव म्हणाले.

आणि मशीन एकदाच चिरकून बंद पडलं. घरघर थांबली, तेव्हा कुठे भोंगा ऐकू आला. तो मघापासून वाजतच होता.

कुमुदताई घाबरल्या नाहीत. दिवे गेले, की दहा मोजेपर्यंत सोसायटीचा जनरेटर लागतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी दहा मोजले. मग वीस. पंख्याची पाती फिरत फिरत थांबली.

"कुमुद."

एवढंच. पुढचा शब्द श्वासात अडकला. विलासरावांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर लाल आकडा दिसत होता: अठ्ठ्याऐंशी. पाहता पाहता ब्याऐंशी.

जादा सिलिंडर बाल्कनीच्या दारापाशी होता, चावी फ्रिजमागच्या खिळ्याला. चावी हाताला लागली, पण झडप हलेना, आणि मीटरचा काटा अंधारात दिसेना. त्यांनी मोबाईलची बत्ती लावली. गडबडीत बाल्कनीच्या दारावरची चादर सरकली.

खालून लगेच शिट्टी. "चौथी मंज़िल! लाइट बंद करो!"

"आमच्याकडे पेशंट आहे!" त्या ओरडल्या. आपण मराठीत ओरडलो, हेही त्यांना कळलं नाही. भोंग्यात ते शब्द कुठल्या कुठे गेले.

"लाइट बंद! सुनाई नहीं देता?" आता दोन-तीन शिट्ट्या. वर यावं, काय झालंय ते पाहावं, असं एकालाही वाटलं नाही.

चौऱ्याहत्तर.

बत्ती त्यांनी विझवली नाही. फोन दातांत धरला आणि दोन्ही हातांनी चावी पिळली. फुस्स झालं. नळी जोडली, नाकाशी लावली आणि त्या जमिनीवरच बसून लाल आकड्याकडे बघत राहिल्या. तो बराच वेळ तिथेच घुटमळला. मग पंच्याहत्तर झाला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक होती. विलासरावांपाशी शेजारच्या लतिकाला बसवून कुमुदताई खाली गेल्या. ड्रिल उत्तम झालं, राघव सांगत होते. काही लोक दिवे चालूच ठेवतील म्हणून ऐन वेळी मेन स्विचच बंद केला, जनरेटरही. फक्त एका फ्लॅटनं सहकार्य केलं नाही. माना कुमुदताईंकडे वळल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि त्या अंधारात काय झालं, ते सगळं त्यांनी सांगितलं. राघवांचा चेहरा उतरला. "आंटीजी, शाम छह बजे ग्रुप में मेसेज डाला था कि मेन स्विच बंद होगा..."

ते खरं होतं. सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि पुढे पाठवलेल्या अफवा यांच्या ढिगाखाली तो मेसेज होता, आणि त्या ढिगाला कंटाळून ग्रुपचा आवाज कुमुदताईंनीच बंद केला होता. तेही त्यांनी लपवलं नाही. पुढचं ड्रिल तीन आठवड्यांवर होतं, आणि ते ड्रिलच असेल याची हमी हॉलमध्ये कुणी देऊ शकत नव्हतं.

त्यांनी माफी मागायला लावली नाही. मागणं एवढंच केलं: मेन स्विच बंद करण्याआधी कुणीतरी जिने चढून यावं, चारशे तीनचं दार वाजवावं, आणि आतून 'हो' आल्याशिवाय स्विचला हात लावू नये.

"दोहराइए," त्या राघवना म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.